दोर घरच्याच्या हाती

१

कोसमबोडीच्या वाटरपार्काने मालक तीन पाहिले, मॅनेजर सात पाहिले, पण भाड्याचे कपडे धुणारी बाई एकच पाहिली. ती रुखमा. चामोर्शीहून मुलचेऱ्याला जाताना तळ्याच्या पारीला, म्हणजे बांधाला, लागून ज्या लाल-पिवळ्या घसरगुंड्या दिसतात ना, त्यांच्या सावलीत तिची उभी हयात गेली म्हणा. शहरातली माणसं काउंटरवरून नायलॉनची हाफपँट घ्यायची, दिवसभर पाण्यात धिंगाणा घालायची आणि जाताना ओला गोळा तिच्यापुढे फेकून जायची. तो पिळायचा, वाळवायचा, घडी घालायची. याहून साधं काम जगात दुसरं नसेल.

पार्क पाच वर्षं बंद होतं. आता नवा मालक आला होता, येत्या रविवारी उद्घाटन ठरलं होतं, आणि पोत्यात पडून कुजट वास धरलेले दोनशे जोड रुखमा एकटी धूत होती. मे महिन्याचं ऊन, दुपारचे साडेबारा. वाऱ्याचं नाव नाही, काठावरच्या कहूच्या झाडाचं पानसुद्धा ढिम्म. कडुलिंबापासून मोटारघराच्या लोखंडी खांबापर्यंत तिने दोर ताणला होता आणि त्यावर हाफपँटा ओळीने लोंबत होत्या.

दोराला झटका बसला. थांबून दुसरा बसला. चार चिमटे टपटप खाली पडले.

"मेलं वांदर!" म्हणून रुखमाने दगड उचलला. वर पाहिलं, मागे पाहिलं. वांदर नव्हतं, म्हैस नव्हती, कोणी टवाळ माणूसही नव्हतं. उन्हाने डोकं फिरलं असेल म्हणून ती तोंडावर पाणी मारून आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेबारा, पुन्हा दोन झटके. तिसऱ्या दिवशी मात्र ती दोर मुठीत धरूनच उभी राहिली, होऊन जाऊ दे एकदाचं म्हणून. झटके आले ते कडुलिंबाकडून आले नाहीत. ते खांबाच्या बाजूने आले. खांबाला तर दोराची गाठ संपत होती, आणि खांबामागे तळ्याशिवाय काही नव्हतं.

हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि हसणाऱ्यांचा तिला बारा वर्षांचा कंटाळा होता.

२

तो दोर लहानूचा होता. लहानू म्हणजे रुखमाचा नवरा, जातीचा ढिवर, म्हणजे मासेमार, पार्कात पाण्याची मोटार चालवायचा. जाळ्याची सुतळी तिपदरी वळून चाळीस हात दोर त्याने स्वतः केला होता, मांडीचं कातडं सोलून निघेपर्यंत.

उन्हाळ्यात तळं आटतं, म्हणून पहिल्या मालकाने घाटाच्या पायऱ्यांपुढे जेसीबीने वीस फूट खोल खड्डा खोदून घेतला होता. मोटारीच्या नळाचं जाळीदार तोंड त्या खड्ड्याच्या तळाशी. जाळीत शेवाळ अडकलं की पाणी बंद आणि वर घसरगुंडीवरची पब्लिक बोंबलायला मोकळी. मग लहानू कमरेला दोर बांधून खाली जायचा. एक झटका म्हणजे दोर सैल सोड, दोन म्हणजे ओढ.

आणि त्या दोराचा त्यांच्या लोकांत एक कायदा होता, कोणत्याही कागदावर नसलेला. दोर धरायचा तो घरच्याच माणसाने. परक्याच्या हाती द्यायचा नाही. उतरलेल्याचे पाय पायरीला लागेपर्यंत धरणाऱ्याने हलायचं नाही, मग घराला आग लागो. रुखमाने तो कायदा दहा वर्षं पाळला. एक दिवस पाळला नाही.

तो रविवार होता, दुपारचे साडेबारा. काउंटरवर झुंबड, कपडे संपलेले, आणि तेव्हाचा मॅनेजर पारीवरून ओरडत होता, "बाई, तुम्ही काय दोरी पकडून बसल्या तिथं? या लवकर!" बाजूला चौकीदार सोमाजी उभा होता. घरोब्याचा माणूस. रुखमाने दोर त्याच्या हातात दिला आणि गेली. पंधरा मिनिटांनी आली तेव्हा दोर पाण्यावर मोकळा तरंगत होता, सोमाजी पायरीवर बसलेला होता आणि लहानू कुठेच नव्हता.

ढिवरांनी तीन दिवस जाळी टाकली, पण खड्ड्यात नळ आणि दगड, जाळं तळाला जाईना. खाली उतरायला कोणी धजेना, पुढेही नळाची जाळी वरूनच लांब बांबूने खरवडत राहिले. चौथ्या दिवशी सोमाजीने जबानी दिली की लहानू वर आला होता, दोर सोडून पारीने जंगलाकडे निघून गेला. संपला विषय. कागदावर लहानू काम सोडून पळालेला माणूस झाला, आणि गावात रुखमा नवऱ्याने टाकलेली बाई झाली. विहिरीवर बाया टोमणे मारायच्या, "कुंकू कोनासाठी लावते वो?" ती म्हणायची, "ज्याचं हाय त्याच्यासाठी. तुमच्या बापाचं नाई लावत." मग बाया गप्प बसायच्या. पाठ वळली की पुन्हा सुरू व्हायच्या.

३

नव्या मॅनेजरचं नाव लोकेश. नागपूरचा, गोड बोलायचा, पण पाणी कुठून येतं हे त्याला नळापलीकडे माहीत नव्हतं. गेटजवळच्या लांब भिंतीवर पार्काचा इतिहास रंगवायचं त्याच्या डोक्यात आलं. पेंटर आणला आणि माहिती विचारायला रुखमाकडे आला. जुनं माणूस दुसरं होतंच कोण?

रुखमाने सगळं सांगितलं. आधी तळं कसं होतं, मग पहिली घसरगुंडी आली, लाटांचा तलाव झाला, पावसाच्या फवाऱ्याखाली नाचायची जागा झाली, मग लॉकडाऊन आणि कुलूप. पेंटर निळ्या अक्षरांत साल टाकत गेला.

"अन् मधात एक राह्यलं," रुखमा म्हणाली. "दोन हजार तेरा. मोटारवाला लहानू या तळ्यात कामावर असताना गेला. इतकंच लिवा."

लोकेश हसला. "अहो बाई, फॅमिली लोक येतील इथं. भिंतीवर असं वाचून कोण पाण्यात उतरन? अन् रेकॉर्डवर तर तो पळून गेलाय ना?"

"रेकॉर्डले पोहता येते का?" रुखमा म्हणाली. "माझ्या मानसाले येत होतं. पळाचं असतं तं कोरड्या रस्त्यानं पळाला असता, वीस फूट पान्यातून काऊन पळन?"

पेंटरला हसू आलं, लोकेशला नाही आलं. "टेन्शन नका घेऊ," म्हणून तो मोटारघराकडे गेला आणि मोटार सुरू करायला लावली. विषय बदलायचा होता, दुसरं काय. रुखमा आणि पेंटरही मागोमाग गेले.

मोटार लावली लहानूच्या धाकट्या भावाने, भूपेशने. पस्तिशीचा गडी, दोन लेकरांचा बाप. भाऊ गेला तेव्हा तो मिरची तोडायला तेलंगणात होता, आणि मी इथे असतो तर, हे वाक्य तो बारा वर्षं अर्धंच बोलत आला होता. नळाने एक गुळणी टाकली, दोन टाकल्या, आणि घरघर करून हवा ओकायला लागला. भूपेशने मोटार बंद केली. "जाळी भरली," तो म्हणाला. "बांबूनं नाई निघनार, उतरा लागते."

सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत पार्काभर फिरलेल्या लोखंडी नळातून आवाज आला. ठक. ठक.

"हवा अडकली," लोकेश म्हणाला.

असेलही. नळ तापतो, लोखंड पसरतं, आवाज होतो, रुखमाला ते माहीत नव्हतं असं नाही. तरी तिने खाली वाकून दगड उचलला आणि नळावर दोनदा वाजवला.

उत्तर यायला काही वेळच लागला नाही. ठक. ठक. पलीकडे कोणी कान लावूनच बसलं असावं इतक्या लगेच. पेंटरच्या हातातला ब्रश थांबला. भूपेश वहिनीकडे पाहत राहिला, आणि रुखमाला भीती वाटली. पण भीतीच्या खालून राग वर आला, आणि राग भीतीपेक्षा मोठा निघाला.

"साहेब, उद्या भूपेश उतरन," ती लोकेशला म्हणाली. "पन दोर मी धरीन. कोनी काही म्हनो, मले तिथून उठवाचं नाई. अन् खाली लहानू सापडला तं त्याचं नाव त्या भिंतीवर येईन."

"बरं बाई, येईन," लोकेश म्हणाला. त्याला रविवारी पाणी हवं होतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमाजी तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. आता सत्तरीला टेकला होता, काठीशिवाय चालवत नव्हतं. बारा वर्षांत तो तिच्या दारात आला नव्हता. रस्त्यात दिसली की वाट बदलायचा.

"रुखमा, भूपेशले उतरू नको देऊ," तो म्हणाला.

"काऊन?"

"जेसीबीनं गाळ काढू. मी बोलतो साहेबासंग."

"काऊन ते सांगा ना, सोमाजीभाऊ."

म्हातारा खाली बसला. काठीने मातीत रेघा ओढत राहिला. रुखमाने हातातला पिळा खाली ठेवला नाही, पण पिळणं थांबलं होतं.

"दोन झटके आल्ते," तो म्हणाला. "मी ओढला. खरं सांगतो, पोराबाळाची आन, ओढला मी. पुन्हा दोन आले. पुन्हा दोन. मी ओढून राह्यलो अन् तो वर येईना, उलटा मीच खाली सरकून राह्यलो. एक पायरी गेली, दुसरी गेली. लहानूत येवढी ताकद नव्हती वो. एका मानसाची ताकद नव्हती ते. तिसऱ्या पायरीले मी सोडला."

"सोडला."

"हो."

"अन् मंग पळाला म्हनून सांगतलं."

"काय सांगू मंग? मीच सोडला म्हनू?"

रुखमाला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण त्याचा गळा धरू. बारा वर्षं तिने मनात धरला होता. पण समोर एक थरथरणारा म्हातारा होता, आणि दोर त्याच्या हातात देणारी ती स्वतःच होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"हे चारचौघांत बोला," ती म्हणाली. "लोकेश साहेबापुढं, गावापुढं."

"या वयात? लोक थुंकतीन माझ्यावर."

"माझ्यावर थुंकले तवा तुमी पाहातच होते ना?"

तो उठला. जाता जाता एवढंच म्हणाला, "उतरू नको देऊ." पण गेला मात्र नाही. घाटाच्या वरच्या अंगाला कहूखाली जाऊन बसला आणि दुपारपर्यंत तिथून हलला नाही.

५

साडेअकराला भूपेश घाटावर आला. चामोर्शीहून नवा दोर मागवला होता तो आला नव्हता, आणि चाळीस हाताचा दुसरा दोर पार्कात एकच होता. रुखमाने वाळत घातलेल्या हाफपँटा काढल्या आणि लहानूचा दोर सोडला.

"वहिनी, भेव वाटते का?" भूपेशने कमरेला गाठ मारत विचारलं.

"वाटते. तुले?"

"मलेबी."

"मंग नको उतरू. मी रागावनार नाई."

"माझा भाऊ हाय तो," भूपेश म्हणाला आणि पाण्यात गेला.

रुखमा पाचव्या पायरीवर पाय रोवून उभी होती, पाणी घोट्याला लागत होतं. वर लोकेश, पेंटर, सोमाजी. दोर तिच्या मुठीतून सरसर जात होता आणि ती मनात मोजत होती. आठ हात. दहा. चौदा हाताला खड्ड्याचा तळ लागतो, हे तिला पाठ होतं. चौदाला दोर थांबला, आणि तिने श्वास सोडला. एक झटका आला, सैल सोड. तिने दोन हात सोडला. पुन्हा एक झटका. पुन्हा सोडला.

मग दोर आपणच जायला लागला.

वीस. बावीस. पंचवीस. तळ चौदावर होता. आडवा जात असेल, तिने स्वतःला समजावलं, भूपेश नळाच्या कडेने सरकत असेल. पण आडवं जायला तिथे जागाच नव्हती, चहूकडे खडक. दोर तिच्या हातून सरळ खाली जात होता. तिसावर तिने मूठ आवळली. तळवा भाजला, पण दोर थांबला.

दोन झटके.

ती ओढायला लागली. जड. बापरे, किती जड! हातभर यायचा आणि बोटभर परत जायचा. "भूपेश! अरे भूपेश!" ती ओरडली, आणि तेवढ्यात डाव्या हाताला, नळाजवळ, पाणी फुटलं आणि भूपेशचं डोकं वर आलं.

तो खोकत होता. नळाला मिठी मारून त्याने दोन श्वास घेतले, मग तिच्याकडे पाहिलं. तिच्या मुठीतल्या ताणलेल्या दोराकडे पाहिलं.

"वहिनी," तो म्हणाला, "तू कोनाले ओढून राह्यली?"

त्याच्या कमरेला दोर नव्हता. जाळीत अटकत होता म्हणून त्याने खाली गाठ सोडली होती आणि दोर नळावर ठेवला होता. "मंग तो सरकला," भूपेश सांगत होता. "मले वाटलं तूच वर घेऊन राह्यली. पन तो खाली गेला वो. माझ्या पायाखालून गेला."

दोन झटके आले. सगळ्यांनी पाहिले, पाण्यावरचा दोर थरारला आणि रुखमा एक पायरी खाली गेली. पाणी गुडघ्याला आलं.

"सोडा बाई! सोडा तो!" लोकेश ओरडला, पण पायऱ्या उतरून आला नाही. बारा वर्षांपूर्वीचा मॅनेजरही असाच वरून ओरडत होता.

"सोड रुखमा!" सोमाजी रडत होता. "ते एकटं नाई वो! मी सांगतलं ना तुले!"

६

रुखमाने दोराचा वेढा कमरेला मारला. एक मारला, दुसरा मारला. आता सोडायचं म्हटलं तरी हाताने सुटणार नव्हतं.

"नाई सोडत," ती म्हणाली, आणि मग तळ्याकडे तोंड करून इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. "ऐकून राह्यलं का? जे कोनी असन तिथी! बारा साल ठेवला तुमी माझा मानूस. बस झालं. एक तं त्याले द्या, नाईतं मले घेऊन पाहा. सोडत नसते मी!"

अजून एक पायरी. पाणी मांडीला आलं. लुगडं अंगाला चिकटलं, पायाखालचं शेवाळ सरकत होतं. मागून कोणीतरी दोर धरला. भूपेश होता. नळ सोडून, पोहत काठाला येऊन, ओल्या अंगाने तिच्या मागे उभा राहिला होता. घरचाच हात. दोघांनी मिळून टाचा रोवल्या आणि ओढलं. पुन्हा ओढलं.

वर कहूखाली सोमाजी बोलायला लागला होता. लोकेशला सांगत होता, पेंटरला सांगत होता, आवाज ऐकून पारीवर जमलेल्या बायामाणसांना सांगत होता. "पळाला नव्हता तो. दोन झटके देल्ते त्यानं. मीच सोडला दोर, मीच!" पुन्हा पुन्हा तेच. हे ऐकायला रुखमाने बारा वर्षं कान टवकारले होते, आणि आता तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

कारण दोर हलका झाला होता.

तुटला, असं भूपेशला वाटलं. पण तुटलेला दोर वर तरंगतो, आणि हा सरळ खाली गेलेला होता. ताण मात्र राहिला नव्हता. रुखमाने हातभर घेतला, सहज आला. अजून हातभर. मग तिने ओढणं थांबवलं, आणि दोर तरीही तिच्या हातात येतच राहिला.

खालून गाळ उठला. पाणी चहासारखं झालं आणि त्यातून बुडबुडे वर यायला लागले, काठाकडे, पायऱ्यांच्या दिशेने. पाण्याखालच्या पायरीवर कसलातरी थप्प आवाज झाला, ओला कपडा दगडावर आपटावा तसा. मग वरच्या पायरीवर झाला. लोकेश पळाला. बाया किंचाळत पारीवरून खाली गेल्या. भूपेशच्या तोंडून भावाचं नाव अर्धंच निघालं.

रुखमाच्या गुडघ्यापुढे पाण्याखाली एक हात होता. पांढरा, सुरकुतलेला, जास्त वेळ भिजलेला. पायरीची कड त्याने घट्ट धरली होती. तो हात ओळखीचा आहे की नाही, हे पाहायला तिला एक क्षण मिळाला, आणि तिने पाहिलं नाही. तिने कमरेचा वेढा तसाच ठेवला, खाली वाकली आणि स्वतःचा हात पाण्यात पुढे केला.

"हळू या जी," ती म्हणाली. "शेवाळ हाय. पाय घसरते."